विदर्भातल्या उन्हाळी लग्नाला जाताना काय घालावे

तूर, हरभरा, गहू घरात आला आणि मृगाची पेरणी अजून लांब आहे, अशा मोकळ्या दिवसांत विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली लग्ने उरकली जातात. म्हणजे एप्रिल आणि मे. नेमके याच दिवसांत अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथला पारा ४४-४५ च्या पुढे सरकतो आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पत्रिकेवर सकाळी ११ चा मुहूर्त छापलेला असतो. जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामावरून, निघालेली वरात मारुतीच्या देवळात थांबून मांडवात पोचेपर्यंत दीड-दोन वाजतात आणि शेवटची पंगत उठायला चार. तेव्हा कपडे निवडायचे ते पत्रिकेवरच्या वेळेसाठी नव्हे, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या अख्ख्या दिवसासाठी. मांडवात गेल्यावर यजमानाचा मान राहिला पाहिजे आणि घरी परतताना आपला जीव ठिकाणावर राहिला पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच पोशाखात साधतात. त्यासाठी महाग कपडा लागत नाही, योग्य कापड आणि सैल शिलाई लागते.

उघडे अंग थंड राहत नाही

मुंबई-कोकणाकडे उन्हाळ्यात बिनबाह्यांचे, अंगावर कमीत कमी कापड येईल असे कपडे घाला म्हणतात. तिकडची हवा दमट असते, पारा ३३-३४ च्या आसपास असतो, तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडे ते अंगाशी येते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा याहून थंड असली तर उघड्या अंगाला वारा सुखावतो. हवाच ४४ अंशांची असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट बाहेरची आणून टाकतो. झाव, म्हणजे उन्हाची झळ, लागते ती यानेच. मग अंग थंड ठेवायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळणे. आपली हवा कोरडी असल्यामुळे घाम इतक्या भराभर वाळतो की अंग ओले झाल्याचे कळतसुद्धा नाही.

म्हणून इथल्या कपड्याने तीन कामे केली पाहिजेत: ऊन अडवणे, तापलेला वारा थेट अंगाला लागू न देणे आणि घाम शोषून तो वाळू देणे. शेतात निंदणाला जाणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट चढवतात, गडीमाणसे डोके आणि कान दुपट्ट्याने गुंडाळतात, ते याचसाठी. लग्नाचा पोशाख ठरवताना हेच धरून चालावे, फक्त कापड देखणे घ्यावे.

कापड कसे ओळखावे

पातळ कापड म्हणजे थंड कापड, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. जॉर्जेट आणि शिफॉन हाताला हलके लागतात, पण बाजारात मिळणारे बहुतेक जॉर्जेट पॉलिस्टरचे असते. सर्वसाधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे पॉलिस्टरखाली आलेला घाम शोषला न जाता अंगावरून ओघळतो, कापड मांड्यांना आणि पाठीला चिकटते आणि घामोळ्या उठतात. दुकानात 'मलाई कॉटन', 'सॉफ्ट सिल्क', 'लिनन टच' अशी लेबले दिसली की लेबलावर न जाता कापड तपासावे.

तपासायच्या चार रीती आहेत, चारही उभ्या उभ्या करता येतात.

१. बोट ओले करून पाण्याचा एक थेंब कापडावर सोडा. धुतलेल्या सुती कापडात तो लगेच पसरून जिरतो. पॉलिस्टरवर तो वर बसून राहतो किंवा घरंगळतो. कोऱ्या सुती कापडावर खळ असल्याने थोडा वेळ लागतो, म्हणून थेंब बोटाने जरा चोळून बघा.

२. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. हाताला हवा लागली तर वीण मोकळी आहे.

३. कापडामागे हात धरून उजेडाकडे बघा. बोटे स्पष्ट मोजता आली तर ते कापड ऊनही तसेच आत सोडणार आणि अस्तराशिवाय घालता येणार नाही. हाताचा नुसता आकार दिसला तर ते दुपारच्या लग्नाला नेमके आहे.

४. काठाचा किंवा शिवणीतला सुटा धागा काढून जाळा. सूत कागद जळल्यासारखे जळते आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि कडक काळा मणी होतो. साडी असेल तर उभा आणि आडवा असे दोन्ही धागे जाळून बघा, कारण 'कॉटन सिल्क' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच साड्यांत ताणा एक आणि बाणा दुसराच असतो.

रेयॉनबद्दल सावध राहा. ते घाम शोषते, हाताला गार लागते, पण ओले झाले की लोंबते, अंगाला चिकटते आणि पहिल्याच धुण्यात आकसते. घरातल्या हळदीला चालेल, आठ तासांच्या लग्नाला नको.

आता घ्यायचे काय? विदर्भातल्या माणसाला यासाठी लांब जावे लागत नाही. उमरेड आणि पवनी ही जुनी हातमागाची गावे. नागपुरी सुती साडी, रेशमी किंवा जरीकाठाची, दिवसाच्या लग्नाला आजही शोभते. वर्ध्याला खादीची परंपरा आहे. १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय तिथलेच, आणि नैसर्गिक रंगातली खादी वर्ध्याला मिळते. खादीचा धागा हाताने कातलेला, कमी-जास्त जाडीचा असतो, त्यामुळे वीण अंगाला सपाट चिकटून बसत नाही. मधल्या बारीक पोकळ्यांतून हवा खेळते आणि घाम आल्यावरही कापड सुटे राहते.

आणि कोसा, म्हणजे टसर रेशीम. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी आणि आंधळगावचा कोसा, तसेच पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात पाळलेल्या कोशांपासूनचा कोसा, हा उन्हाळी लग्नासाठी आपला हक्काचा मानाचा कपडा आहे. तुतीच्या रेशमापेक्षा कोशाचा धागा खडबडीत असतो. तो अंगावर सुळसुळीत चिकटत नाही, घामही बऱ्यापैकी पितो. कोशाचा मूळ मधाळ-बदामी रंग उन्हात डोळ्यांना सौम्य वाटतो आणि मांडवात उठूनही दिसतो. करवती काठाची साडी ही याच भागातली. अंग कोशाचे आणि काठ सुती, त्यावर करवतीच्या दातांची नक्षी. जवळच्या नात्यातले लग्न असेल, रेशीमच नेसायचे असेल, तर पैठणीऐवजी ही नेसावी. भारी जरीची पैठणी आणि कांजीवरम वजनाला पाऊण-एक किलोपर्यंत जाते, पदराची जरी खांद्यावर टोचते आणि गच्च विणीतून हवा जात नाही. पैठणी संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी ठेवा.

बायकांचा पोशाख

साडी ठरली की काम संपले असे नाही. उन्हाळ्यात त्रास साडीने कमी आणि तिच्या आतल्या कपड्यांनी जास्त होतो. सुती साडीखाली सॅटिनचा किंवा अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा परकर घातला तर सुती साडीचा उपयोग संपला. परकर पॉपलिनचा किंवा कॅम्ब्रिकचा, सहा कळ्यांचा, घेरदार घ्यावा. नाडीऐवजी दोन इंच रुंद पट्टी आणि हूक लावून घेतला तर उत्तम. बारीक नाडी घामात कातडीवर घासते, काळे वळ उठतात, आणि पंगत जेवून उठल्यावर ती सोडताही येत नाही. नाडीच असेल तर ती कमरेच्या हाडावर बांधा, पोटावर नव्हे, आणि दोन बोटे सहज आत जातील इतकी सैल ठेवा.

ब्लाऊज कोपरापर्यंत बाह्यांचा शिवा. उन्हात दंड भाजत नाहीत आणि काखेतला घाम कापडात जिरतो. अस्तर मलमलचेच घ्या. शिंपी पुष्कळदा स्वस्तातले पॉलिस्टर अस्तर लावून देतो, म्हणून अस्तराचे कापड स्वतः विकत घेऊन द्या. त्याआधी ब्लाऊजचे कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. कोरे सुती कापड तीन ते पाच टक्के आकसते. अस्तर न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यानंतर ब्लाऊजच्या शिवणी ओढल्या जातात आणि कापडाला चुण्या पडतात. साडीचा फॉलसुद्धा भिजवूनच लावावा. मापात छातीला आणि मुंढ्याला (काखेभोवतीच्या घेराला) नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल सांगा. पॅड लावू नका, पॅडचा फोम घाम धरून ठेवतो. गळा मागून फार खोल नको, पाठीवर उन्हाचा पट्टा उमटतो आणि तो दोन-तीन आठवडे जात नाही. लगीनसराईत गावातला शिंपी आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून कापड किमान पंधरा दिवस आधी द्या आणि चार दिवस आधी घालून, हात वर करून बघा. अक्षता टाकायला हात वर गेला आणि ब्लाऊज वर सरकला तर मुंढा चुकला आहे.

खळ बेताची द्यावी. कडक खळीने विणीतली भोके बुजतात आणि साडी पुठ्ठ्यागत होते. अजिबात नसेल तर मऊ सुती साडी दुपारपर्यंत चुरगळून अंगाला लागते. रोजच्या निम्मी, म्हणजे अंगापासून जराशी सुटी उभी राहील एवढी खळ बरोबर.

नऊवारी नेसणाऱ्या आजी-मावशींना सुती लुगड्याचा खरा फायदा मिळतो. दोन्ही पाय वेगळे झाकले जातात, चालताना हवा खेळते, परकर लागत नाही. त्यांना मुद्दाम नवी सिंथेटिक नऊवारी आणून देऊ नका. आयती शिवलेली नऊवारी घेतलीच तर कमरेचे इलॅस्टिक रुंद आहे का ते बघा.

सलवार-कुर्ता घालणाऱ्या मुलींनी लेगिंग टाळून सुती सलवार किंवा सैल पँट घालावी. ओढणी दोन-सव्वादोन मीटरची सुतीच घ्यावी, म्हणजे डोक्यावरून घेऊन कानांमागे खोचता येते. नेटच्या ओढणीने ऊन अडत नाही.

काही घरांत आहेराची साडी तिथेच नेसावी लागते. मामी, आत्या, मावशी यांनी म्हणून एक मोतिया किंवा सोनेरी रंगाचा सुती ब्लाऊज पिशवीत ठेवावा, कोणत्याही साडीवर चालतो.

पुरुषांचा पोशाख

पूर्ण बाह्यांचा सैल सुती किंवा खादीचा कुर्ता आणि पायजमा किंवा धोतर, यापलीकडे दुपारच्या लग्नाला काही लागत नाही. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या माणसाचा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अडीच मीटरमध्ये होतो. ३६ इंची खादी असेल तर तीन मीटर घ्या. पायजम्याला सव्वादोन ते अडीच मीटर. छातीच्या मापावर पाच-सहा इंच सैल ठेवायला सांगा. अंगासरशी शिवलेला कुर्ता दिसायला चांगला, पण कापड आणि अंग यांच्यात हवाच राहत नाही, मग पाठीवर घामाचा नकाशा उमटतो. बाजूची चीर खिशाच्या खालपर्यंत हवी, पंगतीत मांडी घालून बसता येते.

आत सुती बनियन घालाच. एक कापड वाढले तर जास्त उकडेल असे वाटते, पण बनियन घाम शोषून घेते आणि कुर्ता कोरडा राहतो. फिकट रंगाच्या कुर्त्यातून अंग दिसतही नाही.

जाकीट घालायची हौस असेल तर बिनअस्तराची खादीची किंवा सुती बंडी घ्या. रेडिमेड 'मोदी जाकीट' बहुधा आत चकचकीत पॉलिस्टर अस्तराचे असते, ते दुपारी बाराला काढून खुर्चीवर ठेवावे लागते. ब्लेझर, जोधपुरी आणि सफारीचे जाड टेरीकॉट रात्रीच्या कार्यक्रमाला. पँट-शर्टच घालायचा असेल तर जीन्स नको. ती घाम पिऊन जड होते आणि मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटते. सैल सुती पँट घ्या.

फेट्याचेही सांगायला हवे. वरातीत पाहुण्यांना फेटे बांधतात. फोम आणि सॅटिनचा तयार फेटा टोपीसारखा बसवतात, त्यात डोके शिजते. जागच्या जागी बांधलेला सुती फेटा अनेक घड्यांचा असतो, उन्हापासून डोके खरोखर वाचवतो. निवड आपल्या हातात असेल तर बांधलेला मागा, आणि डोक्यावर आधी ओला रुमाल ठेवून त्यावर बांधून घ्या. आहेरात मिळालेली टोपी किंवा दुपट्टा पिशवीत टाकू नका, लगेच वापरा. यजमानालाही ते बरे वाटते.

रंग, आणि कोणाच्या लग्नाला कोणता

उन्हासाठी फिकट रंग चांगले हे सगळ्यांना ठाऊक आहे: मोतिया, फिका आंबा, पिस्ता, आकाशी, गुलाबी. त्यात घामाचे डाग कुठे दिसतात याचाही विचार करा. करडा, फिका निळा आणि खाकी या रंगांवर काखेतला घाम सगळ्यात ठळक दिसतो. मोतिया, पिवळट आणि बारीक छापाच्या कापडावर जवळपास दिसत नाही. काळा रंग उन्हातही नको आणि हिंदू घरच्या लग्नात मोठ्यांना तो चालतही नाही. बायकांनी संपूर्ण पांढरी, बिनकाठाची साडी टाळावी. पांढरा आवडत असेल तर लाल, हिरवा, जांभळा ठसठशीत काठ घ्या.

बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयाला मात्र हा नियम लागू नाही. विदर्भात गावोगावी अशी लग्ने होतात, तिथे वधू-वर शुभ्र वस्त्रांत असतात आणि पाहुण्यांनीही पांढरे घालणे उचित मानले जाते. पांढरी सुती साडी, पांढरा कुर्ता-पायजमा, हवा तर निळा काठ किंवा निळा दुपट्टा. उन्हाच्या दृष्टीनेही याहून चांगला पोशाख नाही. नवे पांढरे कापड घालण्याआधी एकदा धुऊन, हलकी नीळ देऊन घ्या.

नव्या गडद कपड्याचा रंग उतरतो का ते आधी बघा. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर वीसेकदा घासा. रुमालाला रंग लागला तर घामातही लागणार आणि अंगावर लाल-निळे डाग पडणार. लाल, मरून, गडद निळा आणि बाटिक यांत हे हमखास होते. असे कापड साध्या पाण्यात दोन-तीनदा वेगळे धुऊन मगच घाला. खण शिवायला देण्याआधीही हेच करा.

हळदीला नवे कपडे घालू नका. हळदीचा डाग पडला की लोक लगेच साबण लावतात आणि डाग लाल होतो. साबणातल्या खाराने हळदीचा रंग तसा बदलतो, कापड बिघडलेले नसते. साध्या पाण्याने खळखळून धुवा, ओले असतानाच उन्हात पसरा. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि आपल्याकडे उन्हाची कमी नाही. दोन-तीन दिवसांत पांढऱ्या कपड्यावरचाही डाग फिका पडतो.

वाटेवरचे कपडे

मोटरसायकलवरून, काळ्या-पिवळी जीपमधून किंवा ट्रॅक्टरवरून लग्नाला जायचे असेल तर मांडवातले कपडे पिशवीत आणि अंगावर जुने सुती, हे सगळ्यात चांगले. जानोशावर किंवा ओळखीच्या घरी बदलता येतात. साडी नेसूनच निघायचे असेल तर पदर पुढे घेऊन कमरेत घट्ट खोचा, निऱ्यांना खाली पिन लावा. गाडीला साडीगार्ड आहे याची खात्री करा. पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात दरवर्षी ऐकू येतात आणि ते फक्त एका क्षणाच्या विसराळूपणाने होतात. मागे बसणारीने ओढणी गळ्यात मोकळी सोडू नये, दोन्ही टोके पाठीमागे गाठ मारून आत घ्यावीत.

उन्हात उभ्या गाडीची काळी रेक्झिनची सीट चटका देते, त्यावर टॉवेल टाकून बसा. चेहरा आणि कान सुती स्कार्फने बांधा, त्यावर हेल्मेट. स्कार्फ निघताना ओला करून पिळला तर थोडा वेळ गारवा राहतो.

पायांत काय

काळ्या मातीला मे महिन्यात हात हात खोल भेगा पडतात आणि मांडव बहुतेक वेळा मोकळ्या वावरात किंवा शाळेच्या पटांगणात असतो. अणकुचीदार टाचेच्या चपला भेगेत रुततात, पाय मुरगळतो. सपाट किंवा रुंद टाचेची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. कोल्हापुरी नवी असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ घरात घाला, नाहीतर तापलेल्या रस्त्यावर वरातीबरोबर चालताना अंगठ्यापाशी फोड येतात.

वर्षभर पेटीत ठेवलेले बूट लग्नाच्या सकाळी काढू नका. तापमानाने तळव्याचा डिंक सुटतो, फोमचा तळ भुगा होऊन निघतो आणि भर वरातीत बुटाचा तळ मागे राहतो. आदल्या दिवशी घालून थोडे चाला, वाकवून बघा. बोहल्याजवळ चपला काढायच्या असतात, त्या सावलीत काढा. उन्हात पडलेली रबरी चप्पल परत घालताना तळवा भाजतो. पुरुषांनी पातळ सुती मोजे घातले तर अनवाणी फिरायची वेळ आली तरी पाय वाचतात.

दागिने, केस

धातू उन्हात तापतो. गळ्यात एकच ठसठशीत दागिना ठेवा, बाकी मणी-मोती. हातात धातूऐवजी काचेच्या बांगड्या. इमिटेशन दागिन्यांत बऱ्याचदा निकेल असते, घामाबरोबर ते कातडीला लागून लाल पुरळ उठते. आधी कधी असे झाले असेल तर ते दागिने नकोतच. केस मोकळे सोडू नका, मानेवरचा घाम वाळत नाही. अंबाडा घालून मोगऱ्याचा गजरा माळावा. गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि मांडवात पोचल्यावरच माळा.

मांडवात बसताना

पत्र्याच्या सभागृहात सगळे जण मोठ्या कूलरसमोरची जागा धरतात. कोसा किंवा रेशीम नेसले असेल तर थेट समोर बसू नका. कूलरच्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात, रेशमावर त्यांचे गोल डाग पडतात आणि ते घरी निघत नाहीत. तिरके, दोन-तीन रांगा मागे बसा. सुती कपड्याला याची भीती नाही, उलट ओलसर सुती कपड्याला वारा लागला की चांगलाच गारवा मिळतो.

जेवताना वांग्याच्या भाजीचा तर्रीदार थेंब पडलाच तर सुती कपड्यावर लगेच बेसन किंवा टाल्कम पावडर टाका, दहा मिनिटांनी झटका, घरी जाऊन साबणाने धुवा. रेशमावर पाणी लावू नका, पावडर टाकून तसेच धुलाईवाल्याकडे द्या.

पिशवीत हे असावे: दोन सुती रुमाल, आठ-दहा सेफ्टी पिना, सुई-दोरा, जादा बनियन किंवा ब्लाऊज, एक सुती दुपट्टा, पाणी आणि ओआरएसची पुडी. कोणाला गरगरायला लागले, मळमळले, अंग तापून घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर आधी कमरेची नाडी आणि गळ्याची बटणे सैल करा, सावलीत आडवे करून दुपट्टा भिजवून अंगावर टाका, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

लहान मुलांचे कपडे

मुलींच्या नेटच्या फुगीर फ्रॉकात आतून टोचणारे कडक जाळीचे थर असतात. तो घालायचाच असेल तर आत मलमलचा लांब पेटीकोट घाला, फोटो काढून झाले की फ्रॉक उतरवा आणि सुती कपडे चढवा. वरातीत फटाके उडतात, स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या असतात. नेट आणि पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, म्हणून तिथे मुलांना सुतीच कपड्यांत न्या. मुलग्यांना शेरवानी नको, सुती कुर्ता आणि सैल चड्डी किंवा पायजमा बरा. तान्ह्या बाळाला नुसते झबले, डोक्यावर पातळ सुती टोपरे, आणि भर दुपारी त्याला वरातीत नेऊच नये. प्रत्येक मुलामागे कपड्यांचे दोन जादा जोड ठेवा.

संध्याकाळ आणि परतताना

मे महिन्यात दुपारी तापते आणि संध्याकाळी वादळ सुटते, वळवाचा पाऊस येतो. गोरज मुहूर्ताचे लग्न असेल तर रंग जाणारी साडी आणि रेशीम या दोन्हींचा विचार पुन्हा करा, छत्री सोबत ठेवा. रात्री थांबायचे असेल तर जरीचे, भारी कपडे तेव्हा घालता येतात, पण हवा आठ-साडेआठनंतरच उतरते. तोवर घाई नको.

घरी आल्यावर घामेजलेले कपडे लगेच घडी घालून कपाटात ठेवू नका. सुती कपडे त्याच रात्री साध्या पाण्यात बुडवून काढा, घामाचे मीठ वाळले की पिवळे डाग पक्के होतात. कोसा आणि रेशीम सावलीत, वाऱ्यावर रात्रभर उलटे टाकून ठेवा, उन्हात नको. कोसा घरी धुवायचाच असेल तर रिठ्याच्या थंड पाण्यात, पिळ न देता, आणि रंगीत असेल तर कोपरा तपासून. अत्तर किंवा स्प्रे जरीवर कधीच मारू नका, जरी काळी पडते. ठेवताना साडी सुती पंच्यात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर जुन्या घडीवरच कोसा विरतो.